आजारी माणूस विमा कंपनीला परवडावा म्हणून

सत्तरीतल्या दोन व्यक्तींची कल्पना करा. एकीला कोणताही मोठा आजार नाही. दुसरीला मधुमेह आहे, त्याने मूत्रपिंडांवर परिणाम केला आहे आणि हृदयही दुबळे झाले आहे. सरकारने दोघींसाठी विमा कंपनीला सारखीच रक्कम दिली, तर कंपनीचा नफा पहिलीला मिळवण्यात आणि दुसरीला गमावण्यात असतो. कायद्याने कोणालाही नाकारता येत नसले तरी आडवाटा असतातच: कंपनीच्या यादीत हृदयरोगतज्ज्ञ मोजकेच ठेवता येतात, महागड्या औषधांसाठी मंजुरीचे अडथळे उभे करता येतात, व्यायामशाळेचे मोफत सदस्यत्व देऊन धडधाकट लोकांना ओढून घेता येते. हा मोहच उरू नये म्हणून प्रत्येक विमाधारकाच्या अपेक्षित खर्चानुसार कंपनीला मिळणारी रक्कम कमी-जास्त करतात. याला जोखीम समायोजन म्हणतात.

अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेने खासगी कंपन्यांना माणशी ठरावीक रक्कम द्यायला १९८० च्या दशकात सुरुवात केली, तेव्हा हिशेबात वय, लिंग, राहण्याचा जिल्हा अशा मोजक्याच गोष्टी धरल्या जात. एका माणसाचा खर्च दुसऱ्याहून वेगळा का असतो, याचा जेमतेम १ टक्का उलगडा त्यातून होत असे. १९९७ च्या कायद्याने प्रकृतीचा विचार सक्तीचा केला आणि २००४ पासून रुग्णालयाबरोबरच दवाखान्यातल्या निदानांवरही आधारलेले सूत्र लागू झाले. हजारो निदानांचे सुमारे ७० गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटाला अपेक्षित खर्चानुसार वजन, म्हणजे एक आकडा, देण्यात आले. या वजनांची बेरीज म्हणजे त्या व्यक्तीचा गुणांक; मूळ रकमेला त्याने गुणले जाते. सरासरी विमाधारकाचा गुणांक १ धरला जातो. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. वय आणि लिंगाचे ०.४, गुंतागुंतीच्या मधुमेहाचे ०.३, हृदय निकामी होत असल्याचे ०.३ आणि हे दोन आजार एकत्र आल्याने खर्च आणखी वाढतो म्हणून वरचे ०.१, अशी बेरीज १.१ होते. मूळ रक्कम महिना १,००० डॉलर असेल, तर निरोगी व्यक्तीसाठी ४०० आणि या व्यक्तीसाठी १,१०० डॉलर मिळतात. एकाच आजाराचे सौम्य आणि गंभीर असे दोन्ही प्रकार नोंदले गेले, तर फक्त गंभीर प्रकाराचे वजन धरले जाते. गेल्या वर्षीच्या निदानांवरून यंदाची रक्कम ठरते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

एवढे करूनही या सूत्राला माणसामाणसांतील खर्चाच्या फरकापैकी साधारण १२ टक्केच भाग आधी सांगता येतो. ऐकताना हे अपयश वाटते, पण माझ्या मते तसे मानणे चुकीचे आहे. उद्या कोणाचा अपघात होईल हे ना सूत्राला कळते, ना कंपनीला. आणि जे कंपनीलाही कळत नाही, त्याच्या आधारे तिला माणसे निवडता येत नाहीत. असे अकल्पित खर्च हजारो लोकांत विभागणे हे तर विम्याचे मूळ कामच आहे. सूत्राने भरून काढायचा असतो तो आधीच दिसणारा फरक. धोका तिथेच आहे, जिथे कंपनीला सूत्रापेक्षा जास्त दिसते.

दुसरा धोका सूत्रानेच जन्माला घातला आहे. निदानाला पैसे जोडले की निदाने वाढतात. कंपन्या जुनी कागदपत्रे पुन्हा चाळतात, परिचारिकांना घरोघरी तपासणीला पाठवतात. त्यात कधी खरोखर दुर्लक्षित आजार सापडतो, तर कधी उपचार काहीच न होता नुसता गुणांक वाढतो. मेडिकेअर यासाठी खासगी योजनांच्या गुणांकांत सरसकट ५.९ टक्के कपात करते, पण सरसकट कपातीने प्रामाणिक आणि चलाख कंपन्यांना एकाच मापाने मोजले जाते. जर्मनीत २००९ पासून आजारांवर आधारित समायोजन आहे. तिथल्या टेक्निकर या मोठ्या आरोग्य विमा निधीचे प्रमुख येन्स बास यांनी २०१६ मध्ये उघडपणे कबूल केले, की रुग्ण अधिक आजारी दिसावेत म्हणून विमा निधी डॉक्टरांवर प्रभाव टाकतात. नेदरलँड्समध्ये २००२ पासून औषधांचाही आधार घेतला जातो: दीर्घ आजाराचे औषध साधारणतः अर्ध्या वर्षाहून अधिक काळ पुरेल इतके घेतले असेल, तरच ती व्यक्ती त्या गटात धरली जाते. कागदावर निदान लिहून आकडे फुगवण्यापेक्षा औषधांतून ते फुगवणे अवघड खरे, मात्र औषधाविना आजार आटोक्यात ठेवणाऱ्याचे वजन यात हरवते.

आणखी एक गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. ही वजने काढली जातात ती प्रत्यक्ष झालेल्या खर्चावरून, गरजेवरून नव्हे. जो समाजगट दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याची निदाने कमी नोंदली जातात आणि खर्चही कमी दिसतो. मग सूत्राच्या लेखी तो निरोगी ठरतो आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी रक्कमही कमीच येते.