आधी मीठ, मग धूर: घरी मांस धुरवण्यामागचा इतिहास

इ.स.पू. १६० च्या सुमारास रोमन जमीनदार केटो याने शेतीवरच्या ग्रंथात डुकराची मांडी टिकवण्याची कृती लिहून ठेवली. एका मांडीला अर्धा मोडियस, म्हणजे साधारण ४.३ लिटर, दळलेले मीठ. मांड्या मिठाच्या थरांत रचायच्या, पाच दिवसांनी खालच्या वर आणि वरच्या खाली करायच्या, बारा दिवस झाले की काढून मीठ झटकायचे. मग दोन दिवस वाऱ्यावर, पुसून तेल चोळून दोन दिवस धुरात, आणि शेवटी तेल-व्हिनेगरचा हात देऊन टांगून ठेवायच्या. म्हणजे मिठाचे दिवस बारा आणि धुराचे फक्त दोन.

नाव मात्र धुराचेच झाले. धुरातली फिनॉल, आम्ले आणि फॉर्माल्डिहाइड पृष्ठभागावर बसतात आणि फार तर काही मिलिमीटर आत जातात. त्यांनी चरबी लवकर खवट होत नाही, बुरशी अडते, माशा दूर राहतात. पण मांडीच्या हाडाजवळच्या मांसाला धुराचा पत्ताही नसतो. तिथे टिकवण्याचे काम मीठ आणि कमी झालेला ओलावा करतात. घरी मांस धुरवणाऱ्यांच्या निम्म्या चुका हे उलटे समजल्यामुळे होतात.

युरोपच्या थंड भागांत शरदात जनावर कापायचे, खारवायचे आणि हिवाळाभर चुलीच्या धुराड्यात किंवा वेगळ्या धूरखोलीत टांगायचे, ही शेतघराची रीत होती. ही थंड धुरी. जर्मनीतले श्वार्झवाल्ड हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, आजही सूचिपर्णी लाकडाच्या धुरात, साधारण २५ अंश सेल्सिअसला, काही आठवडे राहते. ते शिजत नाही, सुकत जाते. बाहेर गारठा आणि आत भरपूर मीठ असल्याशिवाय हा खेळ जमत नाही.

मिठासोबत पूर्वापार चिमूटभर सोराही (पोटॅशियम नायट्रेट) पडायचा. त्याने मांस गुलाबी राहते हे खाटकांना ठाऊक होते, का राहते ते नव्हते. १८९१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड पोलेन्स्के यांना जुन्या मिठवणीत, म्हणजे मांस मुरवायच्या मिठाच्या पाण्यात, नायट्राइट सापडले: सोऱ्यातल्या नायट्रेटचे ते जिवाणूंनी केले होते. १९०१ मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी रंगाचा उलगडा केला. नायट्राइटपासून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या रंगद्रव्याला चिकटतो आणि शिजल्यावरही ते करडे पडत नाही.

रंगापेक्षा मोठी गोष्ट दुसरीकडे उलगडत होती. व्युर्टेम्बर्गमधले डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये सॉसेजमधल्या विषबाधेची सविस्तर वर्णने छापली आणि हे विष हवा न लागणाऱ्या जागी तयार होते असे सांगितले. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्यविधीनंतर वादकांनी खारवलेले हॅम खाल्ले. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. बेल्जियन जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून जिवाणू वेगळा केला. या विषबाधेचे बॉट्युलिझम हे नाव लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून आले आहे, ते उगाच नाही. कोंदट, उबदार, ऑक्सिजन कमी असलेली धूरखोली आणि तिच्यात टांगलेले ठासून भरलेले सॉसेज यांहून सोयीची जागा या जिवाणूला मिळणार नाही. नायट्राइट त्याला रोखते.

सोऱ्याची अडचण अशी की त्याचे नायट्राइट किती आणि कधी होईल याचा भरवसा नसतो. म्हणून १९२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मांसात थेट नायट्राइट वापरायला परवानगी दिली. त्यातूनच आजचे क्युअर नंबर १ रूढ झाले: ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट, बाकी साधे मीठ, आणि कोणी चुकून जेवणात घालू नये म्हणून मुद्दाम दिलेला गुलाबी रंग. गुलाबी सैंधवाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. रंग सारखा म्हणून एकाऐवजी दुसरे घालणे एका बाजूने निरुपयोगी आणि दुसऱ्या बाजूने घातक आहे.

घरी मोजायचे ते असे. एकूण वजनाच्या दर किलोला २.५ ग्रॅम क्युअर, म्हणजे दशलक्षात १५६ भाग नायट्राइट. २ किलोचा तुकडा १ लिटर पाण्यात बुडवला तर हिशेब ३ किलोचा: क्युअर ७.५ ग्रॅम, आणि एकूण मीठ २ टक्के म्हणजे ६० ग्रॅम. त्यातले ७ ग्रॅम क्युअरमधूनच येते, म्हणून साधे मीठ ५३ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा घ्या. पाच सेंटिमीटर जाडीला फ्रिजमध्ये २ ते ४ अंशांवर सहा-सात दिवस लागतात, आणि तुकडा रोज उलटायचा. घाई केली तर कापल्यावर कडेने गुलाबी आणि मधोमध करडा पट्टा दिसतो: मिठवणी तिथवर पोचलीच नव्हती. उलट एक-दोन दिवस जास्त झाले तर बिघडत नाही, कारण मीठ तोलूनच घातलेले असते.

धुरवलेले मांस आज सँडविचमध्ये घालतात. तिकडे येणारी एक वाट, पास्ट्रामी नावाच्या खारवून धुरवलेल्या गोमांसाची, पूर्वेकडून निघते. तुर्की पास्तिर्मा हे दाबून वाळवलेले मांस, वर मेथी-लसणाचा लेप. धूर त्यात नव्हता. रोमानियात त्याचे पास्त्रामा झाले, तिथे धूर आला आणि हंसाचे मांसही वापरात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमानियन ज्यू स्थलांतरित न्यूयॉर्कला पोचले, तिथे हंसापेक्षा गोमांस स्वस्त, म्हणून छातीचा आणि पोटाकडचा चिवट, चरबीदार भाग घेतला गेला. खारवणे, मिरी-धण्याचा लेप, धुरी आणि शेवटी वाफ, असे चार टप्पे ठरले. वाफेचा टप्पा गाळणारे पुष्कळ आहेत, आणि मग पास्ट्रामी चामड्यासारखी झाली म्हणून कुरकुरतात. त्या भागातले कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळायला आतले तापमान ९० अंशांच्या पुढे जाऊन काही वेळ तिथे राहावे लागते. धुरात एवढा वेळ ठेवले तर कडा वाळून जातात, वाफेत जात नाहीत.

दुसरी वाट टेक्सासमधून. तिथल्या जर्मन आणि चेक खाटकांची न विकलेले मांस धुरवायची पद्धत होती. गिऱ्हाईक ते खाटकाच्या कागदावर घेऊन तिथेच खायचे. ही गरम धुरी, ११० ते १२० अंशांची. यात मीठ चवीपुरते, क्युअर सहसा नाहीच, कारण मांस पूर्ण शिजते. ते टिकाऊ नसते, हे मात्र त्याचा काळाकुट्ट थर पाहून अनेक जण विसरतात.

फ्रिज घरोघरी आला आणि टिकवण्यासाठी धुराची गरजच उरली नाही, उरली चव. मीठ निम्म्याहून खाली आले, धूर सौम्य झाला, पण नावे जुनीच राहिली. केटोच्या मांडीइतके मीठ आज कोणी खाणार नाही, आणि आजच्या दोन टक्के मिठाचा तुकडा तसा टांगला तर तो सडेल. थंड धुरीचे तापमान एका कृतीतून, मिठाचे प्रमाण दुसरीतून आणि वेळ तिसरीतून उचलणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. क्युअर नसेल तर मांस ५ ते ६० अंशांच्या टप्प्यात रेंगाळता कामा नये.

साधनांचा इतिहास त्यामानाने छोटा. १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या तरंगत्या खुणेचा धातूचा गोळा अर्धा कापून झाकणाची गोल शेगडी केली, आणि अंगणात हवा आवळून-सोडून तापमान धरणे सोपे झाले. १९८० च्या दशकात ओरेगनच्या जो ट्रेगर यांनी लाकडी गोळ्या आपोआप ढकलणारी शेगडी आणली. कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट यांचा बाटलीतला द्रवरूप धूर तर १८९५ चा. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही, तोही खऱ्या धुराचाच अर्क असतो.

धूर मात्र अजून पूर्वीसारखाच बिघडतो. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायाकोल आणि सिरिंगोल निघतात, हवी ती चव आणि वास त्यांचाच. हवा कोंडली की लाकूड घुसमटते, दाट पांढरा धूर येतो आणि मांसावर कडू, चिकट काजळी धरते. जवळजवळ न दिसणारा निळसर धूर हवा. ढलप्या भिजवून काही साधत नाही, आधी पाणी उडून जाते आणि तोवर विस्तव मंदावतो. मांस ओलेचिंब ठेवले तरी तीच कडवट पुटे, म्हणून आदल्या रात्री फ्रिजमध्ये उघडे ठेवून पृष्ठभाग बोटाला जरा चिकटेल इतका सुकवावा. चरबी निखाऱ्यांवर ठिबकू देऊ नये, तिच्या धुरात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य असते. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरवलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅमवर आणली आहे.

गरम धुरीत मोठ्या तुकड्यात खुपसलेल्या तापमापकाचा काटा साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास हलत नाही, तेव्हा आच वाढवू नका. घाम यावा तसे पाणी उडून मांस स्वतःला गार करत असते. कागदात गुंडाळले की पुढे सरकते. टर्कीच्या छातीला ही वेळ येत नाही, ती आतून ७४ अंशांना काढायची. सँडविचसाठी कोणतेही धुरवलेले मांस त्याच दिवशी कापू नये. रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावे, मग धाग्यांना आडवी सुरी धरून दोन मिलिमीटरच्या आतल्या चकत्या काढाव्यात. पास्ट्रामी याला अपवाद: ती वाफेतून काढून गरम आणि जरा जाडच कापतात. उरलेले तीन-चार दिवसांत संपवावे, नाहीतर चकत्या करून फ्रीझरमध्ये टाकावे.