बारा व्होल्ट वाटेत कुठे हरवले?

गणपतीला तीन आठवडे उरले होते. कळव्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, लेझर गेला बहुतेक."

त्याच्याकडे घरगुती वापराचं छोटं लेझर एनग्रेव्हर आहे. लाकडावर, चामड्यावर कोरतं, पातळ प्लायवूड कापतं. त्या वर्षी इमारतीतल्या तीन घरांच्या मखराची जाळीदार महिरप करून द्यायचं त्याने कबूल केलं होतं, तीन मिलिमीटर प्लायमधून. किचेन आणि छोट्या पाट्या नीट होत होत्या. महिरप लावली की काप खालपर्यंत जायचा नाही. मध्येच नक्षी दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकायची आणि पुढचं सगळं वाकडं. दोनदा तर लॅपटॉपने मशीनशी संपर्क तुटल्याचं सांगितलं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी नवं लेझर हेड घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, थांब, आधी मीटर घेऊन येतो.

अशा मशीनमध्ये लेझर हेड हा सगळ्यात महाग भाग, म्हणून काही बिघडलं की संशय आधी त्याच्यावर जातो. लेझर डायोड हळूहळू मंद होतो हे खरं. पण किचेन व्यवस्थित कोरणारा डायोड महिरपीलाच कसा मरतो? छोटं काम ठीक आणि मोठं काम नापास, असं चित्र दिसलं की पहिला प्रश्न विजेचा विचारायचा. मशीनला कमी भूक असताना वीज पुरते आणि जास्त भूक लागली की पुरत नाही, असं कुठे होतंय?

भूक किती ते आधी पाहू. भाच्याच्या मशीनमधून निळ्या लेझरचा साधारण ५ वॉट प्रकाश निघतो. तेवढ्या प्रकाशासाठी लेझर हेडला साधारण २५ ते ३० वॉट वीज लागते, उरलेल्याची उष्णता होते आणि ती घालवायला हेडवर पंखा असतो. दोन स्टेपर मोटर आणि बोर्ड धरून हिशेब ४० वॉटच्या आसपास जातो. अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा, म्हणजे करंट सुमारे साडेतीन अँपिअर. ४० वॉट ऐकायला काहीच नाही. पण २३० व्होल्टवर चालणारी ७५० वॉटची इस्त्रीही जवळपास एवढाच करंट घेते. इस्त्रीची वायर आठवा, किती जाड असते. तारेला वॉट कळत नाहीत, तिला फक्त करंट सोसावा लागतो.

भाच्याने अ‍ॅडॅप्टर मोजून ठेवला होता. "१२.१ व्होल्ट, एकदम ओके." मशीन बंद असताना मोजला होता. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप आतून गंजून निम्मा बुजला असला, तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दिसतो. नळ सोडला की धार बारीक होते. विजेचंही तसंच. करंट वाहत नसेल तर सडक्या तारेच्या टोकालाही पूर्ण व्होल्टेज दिसतं. लोड नसताना, म्हणजे मशीन वीज ओढत नसताना, घेतलेलं माप जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि याच मापावर विसंबून कितीतरी चांगली लेझर हेड बदलली जात असतील असं मला मनापासून वाटतं.

मग मशीनला काम लावलं: टाकाऊ फळीवर पूर्ण ताकदीचा एक मोठा चौकोन भरून काढायचा. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे करताना ४५० नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसाठी बनवलेला चष्मा दोघांच्याही डोळ्यांवर होता. साधा गॉगल चालत नाही. हा प्रकाश चकचकीत पृष्ठभागावरून परतून आला तरी डोळ्याच्या पडद्यावर कायमचा डाग पाडू शकतो, आणि पापणी मिटेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. मीटरकडे बघताना मान मशीनपासून वळलेली असते, म्हणून चष्मा काढायचा मोह होतो. काढू नये.

लेझर पेटला आणि मशीनच्या जॅकपाशी आकडा १०च्या आसपास उतरला. अ‍ॅडॅप्टरच्या तोंडाशी मात्र तो १२ला चिकटून होता. दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते.

वाट पाहिली तर ती गॅलरीत जात होती. प्लाय जळल्याचा धूर घरात नको म्हणून भाच्याने मशीन गॅलरीत हलवलं होतं. अ‍ॅडॅप्टरची वायर पुरेना, म्हणून घरात पडलेली दारावरच्या बेलची चार मीटर वायर मध्ये जोडली. टोकं पिळून वर इन्सुलेशन टेप. मी सांध्यावर बोट ठेवलं. टेप कोमट होता आणि बोटाला चिकटला.

इथे मल्टीमीटरचा एक वापर दाखवतो, फारसा कुणी करत नाही पण अतिशय उपयोगी आहे. आपल्याला सवय असते एक पिन प्लसला आणि एक मायनसला लावायची. त्याऐवजी दोन्ही पिना एकाच तारेच्या दोन टोकांना लावायच्या, मशीन चालू असताना, कमी व्होल्टच्या डीसी बाजूला. तार चांगली असेल तर मीटर शून्याजवळ दाखवेल, कारण एकाच तारेच्या दोन टोकांत फरक असायला नको. जो आकडा दिसेल तो त्या तुकड्याने खाल्लेला. आम्ही तुकड्या-तुकड्याने पुढे गेलो. बेलच्या वायरीची जातानाची आणि येतानाची बाजू मिळून दीड व्होल्टच्या वर गेली. सांध्यांनी अर्धा व्होल्ट घेतला. हरवलेले दोन व्होल्ट जागेवर सापडले.

कागदावरही हे जुळतं. गेओर्ग ओमने १८२७ साली मांडलेला साधा नियम: पडलेलं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध, म्हणजे तारेचा अडथळा. ०.३ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०६ ओहम. जाऊन-येऊन आठ मीटर म्हणजे जवळपास अर्धा ओहम, गुणिले साडेतीन. सांध्यांचा रोध ०.१५ ओहम धरला तर त्यांत तयार होणारी उष्णता दोन वॉटच्या जवळ जाते. दोन वॉट कमी वाटतात, पण ते शेंगदाण्याएवढ्या दोन-तीन जागी कोंडलेले असतात. तापलेलं तांबं काळं पडतं, काळं पडलं की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतं. गोलाकार डीसी जॅकमध्येही हेच घडतं. तिथली पितळी पट्टी सैल झाली की प्लग गरम लागतो, आणि एक दिवस प्लास्टिक वितळतं. दहा-पंधरा मिनिटं काम झाल्यावर मशीन बंद करून प्लग काढायचा नि त्याला हात लावायचा, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

दोन व्होल्ट कमी झाल्याने लेझर एवढा का मंदावतो? निळ्या डायोडला पेटायला चार ते पाच व्होल्ट लागतात. दोन डायोड एकामागे एक जोडलेले असतील तर नऊ-दहा. त्यांना ठराविक करंट पुरवणारं सर्किट वरच्या शिलकीतून काम करतं. शिलक संपली की करंट घसरतो, आणि ठराविक उंबरठ्याच्या खाली गेलेल्या डायोडमधून लेझर निघतच नाही.

आणि नक्षी सरकण्याचं कोडं? भाच्याने आठवडाभर रबरी पट्टे ताणून पाहिले होते. पट्ट्यांचा दोषच नव्हता. पिळलेला सांधा मशीनच्या थरथरीने क्षणभर सुटायचा. तेवढ्यात मोटरची ताकद जायची आणि हेड घसरायचं. बोर्ड मात्र लॅपटॉपच्या यूएसबीमधून येणाऱ्या पाच व्होल्टवर जागा असायचा, त्याला काही कळायचंच नाही. तो पुढचे हुकूम देत राहायचा, चुकीच्या जागेवरून. म्हणून "बोर्डवरचा दिवा चालू आहे, म्हणजे वीज आहे" हा पुरावा धरू नका. अशा बऱ्याच बोर्डांवर तो दिवा यूएसबीवरही लागतो.

सगळा दोष नेहमी विजेचाच असतो असं नाही, हेही नोंदवतो. ग्रबल या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या बोर्डात बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये, ३० क्रमांकाच्या सेटिंगमध्ये पूर्ण ताकदीचा आकडा असतो, बहुधा १०००. सॉफ्टवेअरमध्ये तो २५५ राहिला असेल तर तुम्ही शंभर टक्के मागता आणि मिळतात पंचवीस. अशा वेळी मीटर काहीच चुकीचं दाखवणार नाही. आधी ते तपासायचं, एक मिनिटाचं काम आहे.

वायर बदलताना भाचा म्हणाला, जाड वायर आणतो. आणता आली असती. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली असती तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत आली असती. पण मी त्याला गॅलरीतून समोर बघायला लावलं. कळव्याला ४०० केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे, या भागात विजेचे उंच मनोरे बघायला कुठे लांब जावं लागत नाही. ते चार लाख व्होल्ट ज्या कारणासाठी, तेच कारण आपल्या मशीनलाही लागू पडतं. तीच वीज जास्त व्होल्टवर पाठवली की करंट कमी लागतो, आणि तारेतली नासाडी करंटच्या वर्गाने कमी होते. म्हणून वाट लांबवायचीच असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या आधीची, २३० व्होल्टची बाजू चांगल्या तीन तारांच्या एक्स्टेन्शनने लांबवावी, बारा व्होल्टची नाही. एवढाच अपवाद, की श्रावणातल्या पावसात ते एक्स्टेन्शन गॅलरीत नेऊ नये. शेवटी आम्ही वीज लांबवलीच नाही. मशीन आत आणलं, त्यावर झाकण बसवलं आणि धुराचा पाइप लांब करून खिडकीबाहेर सोडला.

लॅपटॉपचा संपर्क तुटण्याचं कारण वेगळं निघालं. एक्झॉस्ट पंखा, हवेचा छोटा पंप, लॅपटॉपचा चार्जर आणि मशीन, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होतं. मोटरवाली वस्तू चालू-बंद होताना तारेत विजेचा झटका उमटतो, आणि यूएसबीच्या बारीक संदेशांना तेवढा पुरतो. तपास सोपा आहे: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. तक्रार थांबली तर वाट सापडली. आम्ही पंखा आणि पंप दुसऱ्या सॉकेटवर नेले आणि तीन मीटरची यूएसबी केबल टाकून एक मीटरची लावली. स्टॅबिलायझर घ्यायचाही त्याचा विचार होता. अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर स्टॅबिलायझरने काही साधत नाही. वीज क्षणभर जाते तिथे खरी अडचण येते, कारण अ‍ॅडॅप्टर स्वतःच्या साठ्यावर साधारण एका आवर्तनापुरता, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता, तग धरतो. त्याला उपाय छोटा यूपीएस.

मशीन हलवताना भाच्याला ॲल्युमिनियमच्या चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. "हे नेहमीचंच," तो म्हणाला. मला ते नेहमीचं म्हणून सोडवेना. अ‍ॅडॅप्टरमध्ये विजेची खरखर दाबायला छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून मिलिअँपिअरचाही अंश असलेला करंट चौकटीपर्यंत झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून. तेवढा करंट धोक्याचा नाही. धोका हा, की अर्थिंग नाही हे तो सांगतोय, आणि उद्या आतलं इन्सुलेशन फुटलं तर पूर्ण २३० व्होल्ट त्याच चौकटीवर येतील. अ‍ॅडॅप्टर तीन पिनी होता. सॉकेटमागची तिसरी तार कुठेच जोडलेली नव्हती, ते वायरमनने येऊन उघडल्यावर दिसलं. चांगल्या अर्थिंगवर फेज आणि अर्थमध्ये २३०च्या जवळ आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. तिसरी पिन न्यूट्रलला जोडून द्यायचा जुगाड कुणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. न्यूट्रल तुटला की मशीनची चौकट थेट फेजवर जाते.

हे सगळं डायोडच्या मशीनचं झालं. काचेच्या नळीचं कार्बन डायऑक्साइड लेझर असेल तर मीटर घेऊन आत शिरू नका, हे मी कळकळीने सांगतो. हे लेझर १९६४ साली बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी शोधलं. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. त्या नळीला पेटायला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. आपले मीटर हजार व्होल्टपर्यंतचे. तिथे नजर आणि कान हीच साधनं: नळीच्या टोकाशी चटचट आवाज किंवा निळसर ठिणगी दिसली तर प्लग काढायचा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात काजळी साचलेल्या तारेवरून ही ठिणगी सहज उडते. पाणी थंडाव्यासाठी फिरवायचं ते डिस्टिल्ड, नळाचं नाही. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं.

अ‍ॅडॅप्टरही कायमचा नसतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. भाच्याने अ‍ॅडॅप्टर प्लायच्या तुकड्यांखाली दडपून ठेवला होता. तो भिंतीवर मोकळ्या हवेत टांगला.

त्या रात्री जॅकपाशी लोडवर ११.८ व्होल्ट होते. महिरपीचा पहिला पाकळीदार तुकडा भाच्याने अंगठ्याने हलकेच दाबला आणि तो आपोआप सुटून खाली पडला. लेझर हेड जुनंच आहे.