पार्श्वभूमी : निदान झाले आणि भरपाई गेली

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘व्हीए’ म्हणतात तिथे, संधिवाततज्ज्ञाने लिहिलेली नोंद दोन जण वाचतात. एक असतो रुग्णाला पुढे तपासणारा डॉक्टर. दुसरा असतो भरपाईचा दावा निकाली काढणारा अधिकारी, आणि तो रुग्णाला बहुधा कधीच भेटत नाही. पहिल्याला सांधे किती सुजलेत आणि रक्तात काय सापडले ते हवे असते. दुसऱ्याला रोगाचे नाव हवे असते, आणि त्या नावाचा फौजेतल्या नोकरीशी संबंध. खासगी दवाखान्यातून इथे आलेल्या डॉक्टरला पहिले वर्षभर याच दुसऱ्या वाचकाचा अंदाज येत नाही.

सगळे अडते एका शब्दावर: ‘सर्व्हिस-कनेक्टेड’. मराठीत ‘सेवासंबद्ध’ म्हणता येईल. हा शब्द ऐकला की गोळी, सुरुंग, युद्ध असे डोळ्यांपुढे येते. कायद्याचा अर्थ मात्र त्याहून पुष्कळ सैल आहे. दुखणे नोकरीच्या काळात सुरू झाले किंवा त्या काळात बळावले, एवढे पुरे. छावणीत बास्केटबॉल खेळताना मुरगळलेला गुडघाही त्यात बसतो. संबंध मान्य झाला की दहाच्या पटीत टक्के ठरतात. त्या टक्क्यांवर दरमहा भरपाई ठरतेच, शिवाय उपचारांच्या प्राधान्यक्रमातले स्थानही ठरते. पन्नास टक्के किंवा जास्त असतील तर औषधांना एक पैसा पडत नाही. नसतील तर महाग गटातल्या औषधाला महिन्याला ११ डॉलर. संधिवातावरच्या, बाहेर हजारो डॉलरना मिळणाऱ्या जैविक इंजेक्शनांच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर आहे, हे मान्य.

संबंध जोडायचा तर डॉक्टरचे मत लागते, आणि त्या मताची भाषा ठरलेली आहे: संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेएवढी तरी असावी. थोडक्यात, पन्नास टक्के. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) नेमका कशाने झाला हे कोणत्याच एका रुग्णाबद्दल कोणी सांगू शकत नाही. असे असताना आकड्यात मत द्यायचे म्हणजे शास्त्राने हात टेकले तिथे सही करायची. उपचार करणारा आणि भरपाईसाठी तपासणारा डॉक्टर शक्यतो वेगळे ठेवतात ते याच अडचणीमुळे. तरी रुग्णाचा पहिला प्रश्न आपल्या नेहमीच्या डॉक्टरलाच असतो.

काही रोगांपुरता कायदाच हा संबंध गृहीत धरतो. फौज सोडल्यापासून वर्षभरात संधिवात किंवा ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारखा शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटल्याने होणारा रोग ठरावीक प्रमाणात दिसला, तर पुरावा मागत नाहीत. अडचण अशी की हे रोग कॅलेंडर पाहून येत नाहीत. सकाळी बोटे आखडतात, माणूस दोन वर्षे वेदनाशामक गोळ्यांवर काढतो आणि मग डॉक्टरकडे येतो. तोवर वर्ष उलटलेले असते.

भारतात हाच वाद ‘सेवेमुळे उद्भवलेला’ की ‘सेवेमुळे बळावलेला’ अशा शब्दांत चालतो. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असे धरायचे आणि तो सेवेमुळे झाला नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अपस्माराच्या एका प्रकरणात सांगितले. मात्र आपल्याकडे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन आणि उपचार हे दोन वेगळे मार्ग आहेत. एप्रिल २००३ पासूनची माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आणि तिची पॉलिक्लिनिके सातारा-कोल्हापूरकडच्या घराघरांत माहीत आहेत. तिथे रांगेतला नंबर अपंगत्वाच्या टक्क्यांवर लागत नाही. अमेरिकेत दोन्ही एकमेकांत गुंतले आहे, आणि म्हणूनच तिथे निदानाला एवढे वजन आहे.

हे गुंतणे जुने आहे. अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या पेन्शनच्या अर्जांत ‘ऱ्हुमॅटिझम’ हे नेहमीचे कारण असे. ओल्या खंदकात झोपलेल्याचे काहीही दुखले की तोच शब्द. माजी सैनिकांसाठीचा १९२० च्या दशकातला पहिला स्वतंत्र विभाग भ्रष्टाचारात इतका बुडाला की त्याचा प्रमुख तुरुंगात गेला. १९३० मध्ये विखुरलेली कामे एका प्रशासनाखाली आली. पण आजचा व्हीए खरा घडला तो जानेवारी १९४६ मध्ये. महायुद्धावरून लाखो सैनिक परतत होते आणि सरकारी रुग्णालयांकडे चांगले डॉक्टर फिरकत नव्हते. तेव्हा डॉक्टरांची भरती नागरी सेवेच्या चाकोरीतून बाहेर काढली गेली आणि रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. हे जोडकाम झाले नसते तर संधिवातासारख्या, शस्त्रक्रिया नसलेल्या आणि मिळकत बेताची असलेल्या शाखेला तिथे जागाच मिळाली नसती. आज अनेक संधिवाततज्ज्ञ आठवड्याचे काही दिवस व्हीएत आणि उरलेले शेजारच्या विद्यापीठात असतात, ते त्या व्यवस्थेमुळे.

आता ज्या निर्णयाने या शाखेला कात्रीत पकडले, तो. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सुमारे ६ लाख ९७ हजार अमेरिकी सैनिक गेले. परतलेल्यांपैकी पुष्कळांना सांधे-स्नायूदुखी, न जाणारा थकवा, विसरभोळेपणा, पुरळ, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. क्ष-किरण स्वच्छ, रक्त ठीक, सूज नाही. संशय अनेकांवर होता: विषारी वायूपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, कीटकनाशके, पेटलेल्या तेलविहिरींचा धूर, मार्च १९९१ मध्ये इराकमधल्या खमिसियाला उडवलेल्या शस्त्रसाठ्यातला सरीन हा विषारी वायू. अशा रुग्णाला शेवटी पाठवायचे कुठे? अंग दुखते म्हणून संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात.

१९९४ मध्ये या सैनिकांसाठी कायदा झाला. हेतू चांगला होता: डॉक्टरांना निदान करता येत नाही म्हणून सैनिकाची भरपाई अडू नये. म्हणून ‘निदान न झालेल्या आजारा’साठी सेवासंबंध गृहीत धरला गेला. वाक्य पुन्हा वाचावे. भरपाई निदान न झालेल्या आजाराला. निदान झाले की त्या कलमाखालचा हक्क संपला, आणि सैनिकाने नेहमीच्या वाटेने संबंध सिद्ध करत बसायचे.

त्याच दशकात संधिवातशास्त्राने मात्र अशा दुखण्याला एक नाव पक्के करत आणले होते: फायब्रोमायाल्जिया. १९९० चे निकष सोपे होते. अंगभर वेदना, आणि ठरवून दिलेल्या १८ बिंदूंपैकी निदान ११ दाबल्यावर दुखायला हवेत. अंगठा किती जोरात दाबायचा तर नख पांढरे पडेल इतका. हे निकष संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेले, पण दवाखान्यात तेच वापरले जाऊ लागले. म्हणजे आखाताहून आलेल्या माणसाच्या मानेवर, खांद्यावर, गुडघ्यावर अंगठा दाबत जाणारा डॉक्टर अकराव्या बिंदूला त्याची भरपाईच धोक्यात आणत होता. मन लावून तपासणाऱ्या डॉक्टरचा रुग्ण तोट्यात, आणि ‘अंगदुखी, कारण अस्पष्ट’ लिहून मोकळा होणाऱ्याचा फायद्यात.

१९९६ मध्ये व्हीए खात्याने फायब्रोमायाल्जियासाठी टक्क्यांचा तक्ता केला: सतत औषध लागत असेल तर १०, एक-तृतीयांशाहून जास्त काळ त्रास असेल तर २०, कायमचा आणि औषधांना दाद न देणारा असेल तर ४०. त्यावर टक्के नाहीत. पण तक्त्यात बसायला आधी सेवासंबंध हवा. १९९८ मध्ये खात्याच्या विधी शाखेने मत दिले की १९९४ च्या कलमात निदान झालेला कोणताच आजार बसत नाही, मग त्या निदानाची व्याख्या कितीही ढिली असो. कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर मत बरोबर होते. दवाखान्यात बसून पाहिले तर ते डॉक्टरला पेन खाली ठेवायला सांगत होते. रुग्ण खोटे बोलतात अशी ओरड त्या काळात बरीच झाली. माझ्या मते, रुग्णाला बरे व्हायच्या आधी नाव टाळायला शिकवणारा नियम हा त्याहून मोठा दोष होता.

दुरुस्ती डिसेंबर २००१ मध्ये झाली आणि १ मार्च २००२ पासून लागू झाली. ‘वैद्यकीय स्पष्टीकरण नसलेले दीर्घकालीन बहुलक्षणी आजार’ असा लांबलचक वर्ग निर्माण झाला, आणि उदाहरण म्हणून फायब्रोमायाल्जिया, क्रॉनिक फटीग सिंड्रोम (न जाणारा थकवा) आणि इरिटेबल बॉवेल (आतड्यांची जुनाट तक्रार) यांची नावे कायद्यातच घातली गेली. काल जे नाव भरपाई घालवत होते, ते आज ती मिळवून देऊ लागले. मधल्या सात वर्षांत ज्यांचे दावे फेटाळले गेले, त्यांना नव्याने अर्ज करावा लागला. २००८ च्या एका सरकारी समितीने आजारी पडलेल्यांचे प्रमाण चारात किमान एक असे धरले आणि गोळ्या व कीटकनाशकांकडे बोट दाखवले. नावावरचा वाद तरीही मिटला नाही; सिंड्रोम म्हणायचे की आखाती युद्धाचा आजार, यावर समित्या बसत राहिल्या.

या धामधुमीत संधिवात शाखेचे रोजचे काम वेगळ्याच दिशेने वाढत होते. आमवात एरवी बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो. व्हीएच्या आमवात नोंदवहीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पुरुष, बरेचसे वयस्क आणि धूम्रपान केलेले. औषधयादी देशभर एक, खर्च सरकारचा, नोंदी संगणकावर. त्यामुळे औषधकंपनी कधी विचारणार नाही असे प्रश्न इथे विचारता आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५३ रुग्णांच्या चाचणीत आमवातावरचे नेहमीचे औषध मेथोट्रेक्सेट पुरत नसलेल्यांना सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या जुन्या गोळ्यांची जोड दिली. ती इटानरसेप्ट या महागड्या जैविक इंजेक्शनाहून कमी ठरली नाही, आणि किमतीत तर तुलनाच नव्हती. २०२२ मध्ये गाऊटच्या (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या) ९४० रुग्णांवर जुने ॲलोप्युरिनॉल नव्या फेबुक्सोस्टॅटपेक्षा कमी पडले नाही. जुनी, स्वस्त औषधे नीट मात्रेत द्या, हे सांगायला सरकारी दवाखानाच लागला.

नोकरी म्हणून पाहायचे तर काही गोष्टी मराठी डॉक्टरांनाही माहीत आहेत. कोणत्याही एका राज्याचा परवाना देशभर चालतो. चूक झाली तर दावा डॉक्टरवर नव्हे, सरकारवर होतो. पात्र अमेरिकी नागरिक मिळाला नाही तर परदेशी डॉक्टर घेता येतो आणि प्रशिक्षणासाठीच्या जे-१ व्हिसावरची मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून खाते स्वतः शिफारस करू शकते. बदल्यात तीन वर्षे तिथे काम करायचे. जागा बहुधा शहरापासून दूर असते.

२०१४ मध्ये फिनिक्स शहरातल्या व्हीए रुग्णालयाच्या खोट्या प्रतीक्षायाद्या उघडकीला आल्या आणि रुग्णांना बाहेर पाठवण्याचे कायदे आले. जून २०१९ पासून तज्ज्ञासाठी २८ दिवस थांबावे लागत असेल किंवा तासाभराहून जास्त गाडी चालवावी लागत असेल, तर बाहेरचा डॉक्टर घेता येतो. ग्रामीण भागात बाहेरही संधिवाततज्ज्ञ नसतो, हा तपशील कायद्याच्या कक्षेत नाही.

ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने आखाती सैनिकांवरची, लक्षणे अमुक तारखेआधी दिसायला हवीत ही वारंवार पुढे ढकललेली मुदत काढून टाकली आणि लष्करी तळांवरच्या कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरासाठी गृहीत रोगांची यादी दिली. तीत सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत आणि इतर अवयवांत गाठी करणारा रोग) आहे, फुप्फुसे आतून घट्ट करणारा आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) आहे. आमवात नाही. आमवातच पुढे काही जणांच्या फुप्फुसात शिरून आयएलडी करतो. अशा माणसाचा श्वास यादीत बसतो. बोटांसाठी त्याला अजूनही पन्नास टक्क्यांचे मत मागत फिरावे लागते.