स्टुअर्ट, रिकी

स्टुअर्ट, रिकी : (जन्म २१ जानेवारी १९६७). ऑस्ट्रेलियाचे रग्बी लीग खेळाडू व प्रशिक्षक. जन्म न्यू साउथ वेल्समधील क्वीनबियन येथे. सुरुवातीला ते रग्बी युनियन (रग्बीचा पंधरा-पंधरा खेळाडूंचा प्रकार) खेळत. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर त्यांनी अर्जेंटिनाचा दौराही केला. पुढच्याच वर्षी ते रग्बी लीगमधील कॅनबेरा रेडर्स संघात दाखल झाले.

तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत (टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून रोखणे) मुभा असते; तोवर गुण झाले नाहीत, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणून पाच टॅकल झाल्यावर संघ बहुधा चेंडू लांब लाथाडतो. कधी लाथाडायचा, कुणाकडे फेकायचा, हे मुख्यत्वे सात क्रमांकाचा हाफबॅक ठरवतो. गिरक्या घेत जाणारा लांब पास आणि अचूक किक ही स्टुअर्ट यांची शस्त्रे होती. प्रशिक्षक टिम शीन्स यांच्या हाताखाली कॅनबेराने १९८९, १९९० आणि १९९४ मध्ये विजेतेपद मिळवले. १९९० च्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे क्लाइव्ह चर्चिल पदक स्टुअर्ट यांना मिळाले.

त्यांचा स्वभाव खऱ्या अर्थाने दिसला तो त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या संघाकडून इंग्लंडमध्ये खेळताना. पहिली कसोटी ग्रेट ब्रिटनने जिंकली होती. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या दुसऱ्या कसोटीत स्टुअर्ट यांचा एक पास पॉल लॉक्लिन यांनी मध्येच टिपला, ट्राय केला (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले) आणि सामना १०-१० असा बरोबरीत आला. मालिका हातची जाण्याची वेळ आली. अशा चुकीनंतर दुसरा कोणी जपून खेळला असता. स्टुअर्ट यांनी अखेरच्या क्षणांत पासची हूल दिली, स्वतःच्या बाजूच्या मैदानातून मुसंडी मारली आणि कर्णधार मॅल मेनिंगा यांच्याकडे चेंडू सोपवला. मेनिंगांनी ट्राय केला. ऑस्ट्रेलियाने सामना १४-१० असा आणि पुढे मालिकाही जिंकली. हाफबॅकची खरी कसोटी चुकीनंतरच्या पासात असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

१९९३ मध्ये त्यांना मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक मिळाले. पण त्याच मोसमाच्या अखेरीस त्यांचा घोटा मोडला आणि कॅनबेराची घोडदौड थांबली. कारकिर्दीचा शेवट त्यांनी कँटरबरी संघात केला.

प्रशिक्षक म्हणून पहिल्याच मोसमात, २००२ मध्ये, त्यांनी सिडनी रूस्टर्सला विजेतेपद मिळवून दिले. २००३ व २००४ मध्ये हा संघ अंतिम सामन्यात हरला. २००८ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्यांच्या ऑस्ट्रेलियन संघाला न्यूझीलंडने ३४-२० असे हरवले, तर २०१३ मध्ये पॅरामाटा संघ त्यांच्याकडे असताना तळाला राहिला.

२०१४ पासून ते कॅनबेराचे प्रशिक्षक आहेत. २०१९ च्या अंतिम सामन्यात ८-८ अशी बरोबरी असताना पंचांनी कॅनबेराला नव्याने सहा टॅकल मिळाल्याची खूण केली आणि लगेच निर्णय फिरवला. ती खूण खरी मानून जॅक वाइटन यांनी किक न मारता टॅकल पत्करला. चेंडू गेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात रूस्टर्सने निर्णायक ट्राय केला. सामना १४-८ असा संपला. ज्या संघाला स्टुअर्ट यांनी विजेते केले होते, त्याच संघाकडून हा पराभव झाला.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांना आधार देणारी संस्थाही त्यांनी उभारली आहे.