अर्धीच पुसलेली पाटी: सुपरहिरोंच्या विश्वाच्या फेरआरंभाची पार्श्वभूमी

सुपरहिरोंचं सामायिक विश्व, म्हणजे एकाच प्रकाशकाच्या कॉमिक्समधल्या सगळ्या नायकांचं मिळून असलेलं जग, नव्याने सुरू करायची चर्चा निघाली की काय ठेवायचं आणि काय टाकायचं यावरच सगळे हमरीतुमरीवर येतात. कुणाचं लग्न मोडायचं, कुणाला पुन्हा तरुण करायचं, बॅटमॅनच्या जोडीला कुठला रॉबिन राहणार. मागचा इतिहास बघितला तर घोडं भलतीकडेच अडत आलेलं दिसतं. नवा आरंभ नेमका कोणत्या महिन्यापासून, आणि तो सगळ्यांना एकदम लागू आहे का, हे आधी ठरलेलं नसतं. १९८६ मध्ये सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रकाशकांकडे, डीसी कॉमिक्सकडे, ते ठरलं नाही आणि त्याचे हिशेब अजून मिटलेले नाहीत.

आधी शब्दांचं. अंकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होणं म्हणजे रीलाँच. त्यात कथा बदलेलच असं नाही. जुन्या घटनेचा अर्थ मागाहून फिरवणं म्हणजे रेटकॉन. जुनं काही घडलंच नव्हतं असं धरून पहिल्यापासून सांगणं म्हणजे रीबूट. वाचक तिन्हींना सरसकट रीबूट म्हणतात आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

सुरुवात तशी साध्या, चांगल्या कल्पनेतून झाली. ऑक्टोबर १९५६ च्या 'शोकेस' अंकात नवा फ्लॅश आला. बॅरी ॲलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा. अंगावर वीज कोसळण्याआधी तो जुन्या फ्लॅशचं, १९४० च्या जे गॅरिकचं, कॉमिक वाचत बसलेला दिसतो. म्हणजे त्याच्या जगात जे हा फक्त कागदावरचा नायक. एवढ्यावर थांबले असते तर पाटी कोरी झाली होती. पण १९६१ मध्ये 'द फ्लॅश'च्या १२३व्या अंकात दोघांची भेट घडवली गेली. जे दुसऱ्या पृथ्वीवर राहतो आणि त्याची साहसं इकडच्या लेखकाला स्वप्नात दिसत होती, असा खुलासा करण्यात आला. १९६३ मध्ये नव्या नायकांची जस्टिस लीग आणि १९४० च्या काळातल्या नायकांची जस्टिस सोसायटी एकत्र आल्या तेव्हा पृथ्व्यांना आकडे मिळाले, तेही उलटे. आधी आलेल्यांची पृथ्वी-दोन, मागून आलेल्यांची पृथ्वी-एक. पुढच्या वीस वर्षांत खलनायकांची एक पृथ्वी झाली, इतर प्रकाशकांकडून घेतलेल्या नायकांच्या काही झाल्या, खुद्द वाचकाचीही एक झाली.

नव्या वाचकाला हे झेपत नाही, असं १९८० नंतर संपादकांचं ठाम मत बनलं. मला ते कधीच पटलेलं नाही. एका पृथ्वीवर सुपरमॅनचे केस पिकलेत आणि दुसरीवर तो तरुण आहे, यात दहा वर्षांच्या मुलाला न कळण्यासारखं काय आहे? पण निर्णय झाला. एप्रिल १९८५ ते मार्च १९८६ या तारखांच्या बारा अंकांत 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही मालिका निघाली. सातव्या अंकात सुपरमॅनची चुलतबहीण सुपरगर्ल गेली, आठव्यात बॅरी ॲलन गेला, आणि शेवटी सगळ्या पृथ्व्या मिळून एकच उरली.

खरा वाद इथून पुढचा. आता सगळ्या मालिका एकदम थांबवून पहिल्या अंकापासून सुरू कराव्यात, ही सूचना तेव्हाच पुढे आली होती. ती मान्य झाली नाही. ज्या मालिका चालत होत्या त्या तशाच चालू राहिल्या आणि बाकीच्यांचा नवा आरंभ ज्याच्या त्याच्या सोयीने झाला. 'क्रायसिस'चा शेवटचा अंक मार्च १९८६ चा. जुना सुपरमॅन त्यानंतरही सप्टेंबर १९८६ च्या अंकापर्यंत छापला जात होता, आणि मग सहा अंकांच्या छोट्या मालिकेतून नवा आला. वंडर वुमनचा नवा पहिला अंक फेब्रुवारी १९८७ चा. बॅटमॅनला उगमकथा नवी मिळाली, पण अंकांची मोजणी जुनीच, ४०४ ते ४०७. टीन टायटन्स या तरुण नायकांच्या गटाला कुणी हातही लावला नाही. पंखवाल्या हॉकमनची पाळी १९८९ मध्ये आली. विश्व एक, आणि त्याच्या जन्माच्या तारखा पाच.

याचा त्रास कुठे झाला ते डॉना ट्रॉयकडे बघितलं की कळतं. ती वंडर गर्ल, टायटन्समधली जुनी सदस्य, लग्न झालेली. तिचं नाव, पोशाख, सगळं वंडर वुमनवरून आलेलं. आणि १९८७ मध्ये वंडर वुमन माणसांच्या जगात पहिल्यांदाच पाऊल ठेवते! म्हणजे धाकटीने थोरलीचं नाव थोरलीच्या आधी कित्येक वर्षं लावलं. डॉनाचा उगम मग नव्याने लिहावा लागला, आणि तो काही शेवटचा नव्हता. वंडर वुमन उशिरा आल्यामुळे जस्टिस लीगच्या स्थापनेतली तिची जागाही रिकामी झाली. तिथे ब्लॅक कॅनरी या दुसऱ्या नायिकेला बसवलं गेलं.

लीजन ऑफ सुपरहिरोजचं दुखणं याहून मोठं. तिसाव्या शतकातली ही मुलं सुपरबॉयची, म्हणजे लहानपणीच्या सुपरमॅनची, प्रेरणा घेऊन एकत्र आलेली, १९५८ पासूनची. नव्या सुपरमॅनने मात्र लहानपणी कधी पोशाख घातलाच नव्हता. मग लीजन ज्याला भेटत होती तो कोण? १९८७ मध्ये उत्तर आलं: एका खलनायकाने खास तयार केलेल्या चिमुकल्या विश्वातला तो सुपरबॉय होता. लगेच त्याला मारूनही टाकण्यात आलं. हॉकमनच्या बाबतीत नवी कथा आधी भूतकाळातली वाटत होती, १९९० च्या मासिक मालिकेने ती वर्तमानात आणून ठेवली. मग एवढी वर्षं लीगच्या बैठकांना कोण येत होता? सुरुवातीला १९४० चा जुना हॉकमन येत होता आणि अलीकडे वावरत होता तो परग्रहावरचा हेर, असं सांगून वेळ मारून नेली. १९९४ मध्ये या सगळ्यांना एकाच देहात कोंबून पाहिलं. त्यानंतर हे पात्र काही वर्षं जवळजवळ अडगळीत पडलं.

आणि सुपरगर्ल, म्हणजे कारा. सातव्या अंकाचं मुखपृष्ठ ज्याने पाहिलंय तो ते विसरत नाही. चुलतबहिणीचा निष्प्राण देह हातांवर घेऊन सुपरमॅन रडतोय, मागे सगळे नायक उभे आहेत. क्रिप्टन या नष्ट झालेल्या ग्रहावरून वाचलेला सुपरमॅन एकटाच, असा नियम पुढे झाला आणि ती कधी जन्मालाच आली नव्हती असं ठरलं. तिने कुणासाठी जीव दिला हे कुणाला आठवायचीच सोय उरली नाही. 'क्रायसिस'च्या अखेरीस काही नायकांना जुन्या पृथ्व्या आठवत होत्या, पण इतर मालिकांनी तो धागा सोडून दिला. वेड्यांच्या इस्पितळात हात बांधून ठेवलेला खलनायक सायको-पायरेट याला तेवढं ते आठवत राहिलं. १९८९ च्या नाताळ विशेषांकात एक छोटी कथा आली. डेडमॅन हे भूत वैतागलेलं आहे, कारण आपण केलेलं चांगलं काम कुणाला दिसत नाही. त्याला एक सोनेरी केसांची मुलगी भेटते, समजूत घालते, आणि जाताना नाव सांगते: कारा. बस, इतकंच. तिला कागदोपत्री पुसणाऱ्या संस्थेच्याच अंकात ते छापून आलं. माझ्या मते त्या दहा वर्षांतलं सर्वांत प्रामाणिक पान ते आहे. कारा खऱ्या अर्थाने परतली ती २००४ मध्ये.

त्यानंतर डागडुजीचं सत्र सुरू झालं. १९९४ च्या 'झीरो अवर' या मालिकेने चारपासून शून्यापर्यंत उलटे अंक मोजले आणि लीजनची पाटी पूर्ण पुसली. २००५-०६ मध्ये 'इन्फिनिट क्रायसिस' आलं, पाठोपाठ पृथ्व्या परत आल्या, या वेळी मोजून ५२.

स्पायडरमॅनच्या प्रकाशकांची, मार्व्हलची, वाट वेगळी. त्यांनी काळच सरकता ठेवला. आयर्न मॅन १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता, पुढे तेच युद्ध अफगाणिस्तानात गेलं. १९९६ मध्ये चार मालिका वर्षभरासाठी बाहेरच्या स्टुडिओंना दिल्या आणि परत घेतल्या. २००० पासून मूळ विश्वाला धक्का न लावता शेजारी दुसरं उभं केलं. मोठा ओरखडा उठला तो २००७ मध्ये. १९८७ पासूनचं स्पायडरमॅनचं लग्न सैतानाशी सौदा करून पुसलं, त्याचा राग अजून ताजा आहे.

सुपरमॅनच्या घरी २०११ मध्ये ती जुनी सूचना अखेर अमलात आली, निदान दिसायला तरी. ३१ ऑगस्टला 'जस्टिस लीग'चा नवा पहिला अंक आला, सप्टेंबरमध्ये उरलेल्या सगळ्या, एकूण ५२ मालिका एकपासून. 'ॲक्शन कॉमिक्स' १९३८ पासून चालत ९०४ वर आला होता, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ८८१ वर. दोन्हींची मोजणी मोडली. प्रकाशक याला रीलाँच म्हणत राहिले, वाचक रीबूट. पहिल्या अंकाला दोन लाखांहून जास्त प्रतींची मागणी आली. खपाच्या बाजूने हा धाडसी आणि यशस्वी डाव होता, हे मान्य करायलाच हवं.

पण आत तीच चूक. नायक जगासमोर येऊन पाचच वर्षं झालीत असं ठरलं, आणि बॅटमॅन व ग्रीन लँटर्न यांचा इतिहास मात्र, त्या मालिका जोरात असल्यामुळे, बहुतेक तसाच ठेवला. पाच वर्षांत बॅटमॅनचे चार रॉबिन, त्यातला चौथा त्याचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा! तिसऱ्याने रॉबिन हे नाव कधी घेतलंच नव्हतं, अशी मागाहून मल्लिनाथी करावी लागली. सुपरमॅनचं १९९६ चं लग्न गेलं. जस्टिस सोसायटी मूळ पृथ्वीवरून नाहीशी झाली, बॅरीनंतर फ्लॅश झालेल्या वॉली वेस्टचा पत्ता लागेना.

मे २०१६ मध्ये ८० पानांचा 'रीबर्थ' अंक २.९९ डॉलरला आला आणि त्यात वॉली परतला, आपल्याला कुणीतरी ओळखावं म्हणून धडपडत. 'ॲक्शन कॉमिक्स' ९५७ वर गेला, कारण मधले ५२ अंक जुन्या मोजणीत मिळवले गेले. २०२१ मध्ये सगळंच घडलेलं आहे आणि पात्रांना ते आठवतं, असं जाहीर झालं.

आता मूळ विश्व तसंच ठेवून बाजूला नवं मांडायची पद्धत दोन्ही घरांत रुळली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकांनी 'ॲब्सोल्यूट' नावाने असं विश्व सुरू केलं. त्यात बॅटमॅन, वंडर वुमन आणि सुपरमॅन या तिघांचे पहिले अंक चार आठवड्यांत एकापाठोपाठ आले.