बालचित्रपट आणि शिंगं फुटतानाचा सिनेमा

मे महिन्यात आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावच्या वाचनालयात लागोपाठ दोन रविवार मुलांना सिनेमे दाखवले. फळ्यावर मीच खडूने लिहिलं होतं, 'बालचित्रपट. सर्वांना मुक्त प्रवेश'. पहिल्या रविवारी 'एलिझाबेथ एकादशी', दुसऱ्या रविवारी 'किल्ला'. पहिला संपला तशी पोरं धडाधड पायऱ्या उतरली आणि अंगणातल्या सायकलींवर तुटून पडली. दुसरा संपला, दिवे लागले, तरी कुणी उठेना. माझा भाचा मागे वळून म्हणाला, "मामा, सोंपलें?" एक आजी झोपलेल्या नातीला खांद्यावर टाकून बाहेर पडताना मला ऐकवून गेल्या, "हा काही पोरांचा सिनेमा नव्हे हो."

आजींचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. उरलेली अर्धी चूक फळ्याची, म्हणजे माझीच.

घोटाळा व्हावा इतके हे दोन सिनेमे वरवर सारखे आहेत. दोन्हींत शाळकरी मुलगा, दोन्हींत वडील वारलेले, दोन्हींत आई घर ओढतेय, आणि दोन्हींत सायकल. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोघांचीही नावं होती. परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' तिथे उत्कृष्ट बालचित्रपटाच्या पुरस्काराचा एक मानकरी ठरला, तर अविनाश अरुणचा 'किल्ला' उत्कृष्ट मराठी चित्रपट. 'एलिझाबेथ' प्रदर्शित झाला तोही २०१४च्या १४ नोव्हेंबरला, बालदिनी. त्याच महिन्यात पणजीच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागाची सुरुवात याच सिनेमाने झाली.

म्हणजे पुरस्कार देणाऱ्यांनी एकाला 'बाल' म्हटलं, दुसऱ्याला नाही. इथवर सरळ आहे. पण २०१४च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं, ते मुलांसाठीच्या जनरेशन केप्लस विभागात, आणि तेही मुलांच्याच ज्यूरीकडून! आमच्या गावच्या आजींना 'पोरांचा नव्हे' वाटलेला सिनेमा तिकडे पोरांनीच पहिला काढला. आता आजी चुकल्या की ती मुलं?

दोघेही नाही. 'बालचित्रपट' हे नाव खुर्चीत कोण बसलंय यावरून पडलेलं आहे. मूल आतून मोठं होत जातं त्या गोष्टीला इंग्रजीवाले 'कमिंग ऑफ एज' म्हणतात, त्या प्रकाराचं नाव पडद्यावर काय घडतं यावरून पडलेलं आहे. एक प्रेक्षकाचं, दुसरं विषयाचं. त्यामुळे एखादा सिनेमा दोन्ही असू शकतो, एकच असू शकतो, किंवा हिरो बारा वर्षांचा असूनही दोन्हींपैकी काहीच नसू शकतो. पोस्टरवर हाफ पॅन्टमधला मुलगा दिसला की तो बालचित्रपट, हा हिशेब इथे गडबडतो. सेन्सॉरचं 'यू' पाहूनही काही कळत नाही. 'यू' म्हणजे कुणीही बघावा, मुलांसाठीच केलाय असा त्याचा अर्थ नाही.

मराठीत या दुसऱ्या प्रकाराला नाव नसल्यानेही पंचाईत होते. 'वयात येण्याचा सिनेमा' म्हणावं, तर आपल्याकडे वयात येणं म्हणताच आयाबाया भलत्याच अर्थाने गप्प होतात. 'किशोरपट' हा शब्द मला मासिकाच्या वर्गणीसारखा वाटतो. मी आपला 'शिंगं फुटतानाचा सिनेमा' म्हणतो. ताईला ते आवडत नाही, तिच्या मते शिंगं फुटणं ही तक्रार आहे. असू दे, तक्रारच तर असते.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. पंढरपूरच्या ज्ञानेशची एलिझाबेथ ही वडिलांनी बनवलेली सायकल. आईचं स्वेटर विणायचं यंत्र सोडवायला पैसे हवेत, त्यासाठी सायकल विकायची पाळी येते, म्हणून ही चिल्लीपिल्ली कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. काय हवंय, किती हवंय, कधीपर्यंत हवंय, सगळं पहिल्यापासून मोजलेलं. आपण आणि पोरं मिळून पैसे मोजत बसतो. ज्ञानेश सुरुवातीला जितका शहाणा आणि सरळ असतो तितकाच शेवटीही राहतो. पालटायचं असतं ते बाहेरचं संकट. मधूनमधून गावातली बरीच काळी बाजूही दिसते, पण गोष्ट तिथे थबकत नाही, दुकान मांडायचं असतं ना!

'किल्ला'तल्या चिन्मयला मात्र नेमकं काय हवंय ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. आईची बदली झाली म्हणून तो कोकणातल्या एका गावात आलाय. (आमच्या गोव्यात बदली म्हणजे फार तर पेडण्याहून काणकोण. शंभरेक किलोमीटरच्या या राज्यात शाळा सुटण्याचं, मित्र तुटण्याचं ते दुःख आमच्या पोरांना समजावून सांगावं लागतं.) नवी टोळी मिळते, तिच्यात घट्ट होतोय असं वाटतं, आणि मग सायकलींची शर्यत लावून सगळे किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळतो. आडोशाला थांबलेला चिन्मय बाहेर येतो तर मित्र निघून गेलेले. ओल्या तटबंदीत तो हाका मारत एकटा फिरतो. तेरेखोलच्या किंवा आग्वादच्या चिऱ्यांवर पावसात उभं राहिलेल्या माणसाला तो हिरवा काळोख वेगळा सांगायला नको. अविनाश अरुणने कॅमेराही स्वतःच सांभाळलाय, म्हणून असेल, पण त्या दृश्यात शब्दांचं काम भिंतींनीच केलंय.

त्यात संकट म्हणावं असं काय? काहीच नाही. मुलगा घरी परततो. पोरांनी मुद्दाम दगा दिला की पावसाला भिऊन पळाली, तेही फारसं महत्त्वाचं नाही. पण चिन्मयचा चेहरा त्यानंतर तो राहत नाही. तिकडे कचेरीत आईवर दडपण येतंय, आणि आईलाही एकटं वाटत असेल हे त्याला हळूहळू दिसू लागतं. माझ्या मते ओळखायची खूण हीच. बालचित्रपटातल्या मुलाला आईची अडचण माहीत असते. शिंगं फुटतानाच्या सिनेमात त्याला आई नावाचं एक वेगळं माणूस दिसतं. सिनेमाच्या शेवटी पुन्हा बदली होते, म्हणजे बाहेरचं तर काहीच सुटलेलं नसतं. म्हणूनच भाच्याचं "सोंपलें?"

हसण्याचं मात्र दोन्हींकडे सारखंच, असं लोकांना वाटतं. 'एलिझाबेथ'मध्ये ज्ञानेशच्या धाकट्या बहिणीच्या, झेंडूच्या तोंडचं प्रत्येक वाक्य आमच्या सभागृहात टाळी घेत होतं. 'किल्ला'त पार्थ भालेरावचा बंड्या तितकाच हसवतो. फरक हसून झाल्यावर कळतो. झेंडूचा विनोद पोटात जाऊन विरघळतो. बंड्याचा वात्रटपणा थोडा अडकून राहतो, कारण हाच बंड्या उद्या चिन्मयला मागे टाकून जाऊ शकतो, हे आपण पाहिलेलं असतं. याच वाटेने पार टोकाला गेलेला सिनेमा म्हणजे नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. त्यात जब्या हा शाळकरी पोर. डुकरामागे धावणाऱ्या त्याच्या घरच्यांना गाव हसतं, थिएटरात आपणही हसू लागलेलो असतो, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. विनोदाचं बिल इतक्या उशिरा आणि इतकं वाजवी आलेलं मी दुसऱ्या मराठी सिनेमात पाहिलेलं नाही.

असे सिनेमे बघताना 'पुढे काय होणार' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा लागतो. इफ्फीच्या रांगेत तासभर उभं राहून आत गेलेली माणसंही वीस मिनिटांत चुळबुळ करतात, "अजून काहीच घडेना." घडत असतं, पण ते सायकल कोण पुढे चालवतं, कोण कुणाची वाट बघत थांबतं, जेवताना आईकडे कोण बघत नाही, असल्या बारीकसारीक ठिकाणी. गावच्या जत्रेतल्या नाटकाला आपण पहाटेपर्यंत बसतो ते काय गोष्ट माहीत नसते म्हणून? गोष्ट पाठ असते, म्हणून तर नटाच्या मानेकडे लक्ष जातं.

हा प्रकार नेहमी हसराच असतो असंही नाही. मिरांशा नाईकचा कोकणी 'जुझे' आमच्याच मातीतला, तिथेही वाढत्या वयाचा मुलगा आहे, पण हसू फार कमी. तो मी वाचनालयात लावणार नाही, निदान आजी येत असतील तोवर तरी.

फळा पुसलाय. पुढच्या वर्षी नुसती सिनेमाची नावं आणि शेजारी वय लिहायचं ठरलंय. 'एलिझाबेथ'समोर काहीच नाही, 'किल्ला'समोर 'दहाच्या पुढे'. 'फँड्री'वरून घरात वाद चालू आहे. मी 'तेराच्या पुढे' म्हणतो, ताई 'मुळीच नको' म्हणते. भाचा जेवता जेवता ऐकत होता. मी त्याला विचारलं, "तुला कितवं रे?"

"तेरावं लागलंय," तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. अकरा पुरी होऊन दोन महिने झालेत.