कृष्णवर्णीय शिकाऊ कारागिरांचे आधारगट (अमेरिका)

अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रात वीजकाम, नळकाम, पत्राकाम, लोखंडी सांगाडे उभारणे अशा कुशल धंद्यांत शिकाऊ म्हणून दाखल झालेल्या कृष्णवर्णीय तरुण-तरुणींना प्रशिक्षण पुरे होईपर्यंत टिकवून धरण्यासाठी उभी केलेली माणसांची, पैशांची आणि माहितीची व्यवस्था. गटात त्याच धंद्यातले अनुभवी कारागीर, पुढच्या वर्षांतले शिकाऊ, युनियनच्या प्रशिक्षण समितीतली एखादी जाणती व्यक्ती आणि अडीअडचणीला पैसे देणारा एक छोटा निधी असतो. प्रवेश मिळवून देणाऱ्या संस्था वेगळ्या. आधारगटाचे काम प्रवेशानंतरचे आहे.

शिकाऊपणाचा हिशेब

नोंदणीकृत शिकाऊ प्रशिक्षणाला १९३७ च्या राष्ट्रीय कायद्याचा आधार आहे. प्रत्यक्ष कामाचे किमान २,००० तास आणि दर वर्षी वर्गातले साधारण १४४ तास ही सर्वसाधारण चौकट. युनियनमार्फत वीजकाम शिकणाऱ्याला पाच वर्षांत कामाचे ८,००० आणि वर्गाचे किमान ९०० तास भरावे लागतात. पगार पूर्ण कारागिराच्या साधारण निम्म्यापासून सुरू होतो आणि तास भरत जातील तसा टप्प्याटप्प्याने वाढतो. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार ठरलेल्या मुदतीसाठी विद्यावेतनावर कारखान्यात जातो, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. अमेरिकेतला शिकाऊ मात्र नोकरदार असतो. काम संपले की त्याला घरी बसवतात, आणि घरी बसला की त्याचे तास थांबतात. पाच वर्षांचे प्रशिक्षण त्यामुळे सात वर्षेही रेंगाळू शकते. म्हणून या क्षेत्रात शिकाऊ किती भरती झाले यापेक्षा त्यांना तास किती मिळाले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

पूर्वपीठिका

या धंद्यांत शिरण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या घरातून जात असे. बाप युनियनचा सभासद, म्हणून मुलगा शिकाऊ. काका फोरमन, म्हणून पुतण्याला पहिले काम. न्यूयॉर्कच्या पत्राकाम कामगारांची 'लोकल २८' ही युनियन (लोकल म्हणजे युनियनची स्थानिक शाखा) १९१३ साली स्थापन झाली. तिने कृष्णवर्णीयांना शिकाऊपणातून बाहेर ठेवले असल्याचा निष्कर्ष राज्याच्या मानवी हक्क आयोगाने १९६४ मध्ये काढला. त्याआधी १९६३ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमध्ये सरकारी पैशांतून चाललेल्या बांधकामांच्या दारात निदर्शने झाली. ब्रुकलिनमधल्या डाउनस्टेट वैद्यकीय केंद्राच्या कामावर तर शेकडो लोकांना अटक झाली.

आधारगटाची आजची कल्पना रुजली ती १९६४ नंतर. कामगारांच्या हक्कांसाठी लढणारी 'वर्कर्स डिफेन्स लीग' आणि कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावाचा शिक्षण निधी यांनी मिळून ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीत एक कार्यालय थाटले. पुढे या कामाची धुरा अर्नेस्ट ग्रीन यांच्याकडे आली. १९५७ मध्ये अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत लष्कराच्या बंदोबस्तात शिरलेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ते एक. नंतर कार्टर सरकारात ते सहायक कामगार मंत्री झाले. कार्यालयाची पद्धत साधी आणि चिवट होती. कुठल्या युनियनचे अर्ज कधी निघतात याची यादी ठेवायची, शाळेचे दाखले गोळा करायचे, प्रवेश परीक्षेचा आठवडेच्या आठवडे सराव घ्यायचा, आणि परीक्षेच्या दिवशी मुलगा वेळेवर पोचतो की नाही ते जातीने पाहायचे.

१९६६ च्या लोकल २८ च्या परीक्षेत अशी शिकवणी घेतलेल्या मुलांना इतके चांगले गुण पडले, की युनियनने निकालावरच शंका घेतली. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल मान्य करावा लागला. तरीही दारे पुरती उघडली नाहीत. १९७१ मध्ये केंद्र सरकारने याच युनियनवर खटला भरला आणि तो १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्यायालयाने बिगर-गोऱ्या सभासदांचे २९ टक्क्यांच्या आसपासचे लक्ष्य कायम ठेवले आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल केलेल्या दंडाच्या रकमेतून उभारलेला निधीही मान्य केला. हा निधी भरती, शिकवणी आणि समुपदेशन यांवर खर्चायचा होता. आधारगटाचा खर्च ही धंद्याची जबाबदारी आहे, हे त्या निकालाने लेखी झाले. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

गट कशाची उणीव भरून काढतो

ज्याचा बाप पाइपफिटर आहे तो मुलगा जेवणाच्या ताटावर बसून बरेच काही शिकलेला असतो. सातचे काम म्हणजे पावणेसातला अवजारांसह हजर. फोरमनला प्रश्न कधी विचारायचा आणि कधी शेजारच्या कारागिराला. कुठल्या ठेकेदाराकडे काम लांबते, कुठला दोन आठवड्यांत हात झटकतो. 'काम नसल्याने थांबवले' आणि 'कामावरून काढले' या दोन शेऱ्यांत काय फरक पडतो. यातले काहीही पुस्तकात छापलेले नसते, आणि घरात या धंद्यातला पहिलाच असलेल्या मुलाला ते सांगणारे कोणी नसते. त्याची चूक झाली की ती त्याच्या वर्णाच्या खात्यावर जाते. फोरमनच्या भाच्याची चूक 'नवा आहे, शिकेल' म्हणून सोडून दिली जाते.

दुसरी अडचण पांगापांगीची. सोयीचे आकडे दाखवण्यासाठी प्रत्येक कामावर एकेक कृष्णवर्णीय शिकाऊ धाडला जातो. कागदावर ते छान दिसते. प्रत्यक्षात तो दिवसभर एकटा असतो, डबा एकटा खातो, आणि अपमान झालाच तर साक्षीला कोणी नसते. शक्य तिथे एका मोठ्या कामावर दोघांना किंवा तिघांना एकत्र पाठवायला लावणे, हे गटाचे पहिल्या दिवसापासूनचे मागणे असले पाहिजे.

उभारणी

सुरुवात मार्गदर्शकांपासून करावी, सभेपासून नव्हे. एका मार्गदर्शकाकडे चार-पाचांहून जास्त शिकाऊ देऊ नयेत. तो त्याच धंद्यातला असावा, पण दुसऱ्या ठेकेदाराकडे काम करणारा असावा. एकाच ठेकेदाराकडे असला की दोघांचीही जीभ आखडते. सगळे मार्गदर्शक कृष्णवर्णीय असावेत असा हट्टही नको. ज्या युनियनमध्ये असे ज्येष्ठ कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत तिथे सगळा भार त्यांच्यावरच पडतो आणि वर्षभरात ते थकतात. मात्र पहिल्या वर्षाच्या मुलाची महिन्यातून एकदा तरी आपल्यासारख्या दिसणाऱ्या, या धंद्यात मुरलेल्या माणसाशी गाठ पडायलाच हवी.

पहिले नव्वद दिवस दर आठवड्याला फोन. चाचणीकाळ जास्तीत जास्त एक वर्ष किंवा एकूण मुदतीच्या पाव हिस्सा, यांपैकी जो कमी असेल तेवढा असतो, आणि त्या काळात कारण न देता करार रद्द करता येतो. सगळी ताकद या काळात लावावी. फोनवर 'कसं चाललंय' एवढेच विचारले तर 'बरं चाललंय' एवढेच उत्तर येते. 'या आठवड्यात हातात कोणतं अवजार होतं?' असे विचारले की खरी माहिती बाहेर पडते.

कारण कामाचे वाटप हीच भेदभावाची सर्वांत शांत जागा आहे. एकाला पाइप वाकवायला मिळतो, दुसऱ्याच्या हाती झाडू. दोघांचेही आठ तास भरतात, पण तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला काम येत नाही आणि तो 'मंद' ठरतो. यावर उपाय म्हणजे खिशातली वही. दर दिवशी एक ओळ: तारीख, मजला, काम, तास. 'तिसरा मजला, माल चढवणे आणि झाडलोट सहा तास, पाइप वाकवणे दोन तास.' चार आठवड्यांची बेरीज केली की चित्र दिसते, आणि प्रशिक्षण समन्वयकासमोर ते ठेवता येते. प्रत्येक प्रशिक्षणाला कामाच्या प्रकारांचे ठरलेले वेळापत्रक असते. वहीतली बेरीज त्याच्याशी ताडून फिरती बदली मागावी. तक्रारीच्या सुरापेक्षा अशी बेरीज समन्वयकाला नाकारायला जड जाते.

बदली मिळेपर्यंत हात रिकामा राहू नये म्हणून महिन्यातून एक रविवार सरावाचा ठेवावा. वीजकामाच्या गटाला अर्धा इंची पातळ पोलादी पाइपचे दहा फुटी दहा-बारा तुकडे आणि हाताने वाकवायचे दोन बेंडर पुरतात. काटकोनासाठी अर्धा इंची पाइपला पाच इंच वजा करायचे: टोक बारा इंच उंच हवे तर सात इंचांवर खूण. पाऊण इंचीला सहा वजा, एक इंचीला आठ. अडथळा चुकवण्यासाठी तीस अंशांचे दोन वाक द्यायचे असतील तर जितके अंतर सरकवायचे त्याच्या दुप्पट अंतरावर दोन खुणा. चार इंच सरकवायचे तर खुणांमध्ये आठ इंच. नवख्यांची हमखास चूक म्हणजे दुसरा वाक देताना पाइप हातात किंचित फिरतो आणि दोन्ही वाक एका पातळीत राहत नाहीत. पाइप जमिनीवर ठेवून टोकाकडून डोळा लावला की ती दिसते. हे ज्याने रविवारी वीस वेळा केले, तो सोमवारी फोरमनने सांगताच पुढे होतो.

सभा महिन्याला एकच पुरे. कामे पहाटे सहा-सातला सुरू होतात आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी वर्गात जातात, त्यामुळे मधल्या वारी सभा ठेवली की हजेरी कोसळते. जेवण असावे, मुलांना सांभाळणारे कोणी असावे, आणि दीड तासात सभा आटोपावी. फोरमन आणि ठेकेदार यांना या सभेत बोलावू नये. त्यांच्याशी वेगळी बैठक घ्यावी.

पैसा

शिकाऊ मधेच सोडून जातो त्यामागे बहुधा मोठे संकट नसते. लहानसा खर्च चुकीच्या आठवड्यात येतो. गाडीची बॅटरी, निलंबित झालेला वाहन परवाना, सभासद वर्गणी, पोलादी टोकाचे बूट, अवजारांच्या यादीतल्या उरलेल्या चार वस्तू. शहराबाहेरच्या कामावर पहाटे पाचला बस नसते, म्हणून गाडी नाही तर काम नाही. ऑरेगन राज्याने महामार्ग बांधकामाच्या पैशांतून शिकाऊंना इंधन, मुक्काम, पाळणाघर आणि अवजारे यांसाठी मदत दिली. या क्षेत्रातला तो एक नावाजलेला प्रयोग.

गटाच्या निधीचे नियम थोडके असावेत. निर्णय अठ्ठेचाळीस तासांत, तीनपैकी दोन सह्यांवर. अवजारे युनियनच्या यादीबरहुकूम, दुकानाला थेट पैसे देऊन. कर्ज देऊ नये. परतफेड जमली नाही की मुलगा लाजेने गटाकडे फिरकत नाही. पैसेही जातात आणि माणूसही.

शरीर आणि संरक्षक साधने

हा विषय सभांत सहसा निघत नाही, पण काम सुटण्यापर्यंत मजल जाते. चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसन मुखवटा वापरायचा तर तो जिथे टेकतो तिथली दाढी पूर्ण काढलेली हवी, असा केंद्रीय सुरक्षा नियम आहे. कुरळे केस तासल्यावर उलटे कातडीत शिरतात आणि फोड येतात. हा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांत फार आढळतो. रोजची दाढी त्यांना खरोखर इजा करते. पर्याय आहे: पंख्याने हवा पुरवणारा सैल टोपाचा मुखवटा. तो महाग पडतो, म्हणून ठेकेदार आपण होऊन सुचवत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधीच मागणी करावी. जाड वेण्या किंवा जटांवर नेहमीचे हेल्मेट उंच बसते आणि वाकताना पडते; आतला पट्टा मोठ्या मापाचा घ्यावा, वेण्या मानेशी खाली बांधाव्यात आणि हनुवटीचा पट्टा लावावा.

छळ झाला तर

बांधकामाच्या जागी टांगलेली फासाची दोरी अमेरिकेत आजही सापडते. कृष्णवर्णीयांना झाडाला लटकावून मारणाऱ्या झुंडींचा इतिहास त्या दोरीमागे आहे. तिला चेष्टा म्हणणे म्हणजे धमकीला आसरा देणे. फोटो काढावा, दोरी स्वतः काढू नये, तारीख, वेळ, जागा, हजर असलेली माणसे आणि उच्चारलेले नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. तक्रार ठेकेदार आणि प्रशिक्षण समन्वयक दोघांकडे लेखी द्यावी. केंद्रीय समान रोजगार आयोगाकडे जाण्याची मुदत १८० दिवस, आणि राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३०० दिवस असते. घरच्या घरी मिटवण्याच्या चर्चा चालू असतानाही हे दिवस मोजले जातात, आणि कित्येकांची मुदत अशीच हुकते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक सद्‌भावनेतून होते: 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून तक्रारदारालाच त्या कामावरून हलवणे. दुसरे काम मिळेपर्यंत त्याचे तास बुडतात आणि बाकीचे शिकाऊ धडा घेतात की तोंड उघडायचे नाही. हलवायचे तर छळणाऱ्याला हलवा, आणि मधल्या दिवसांचा पगार व तास तक्रारदाराच्या खात्यात धरा, ही मागणी गटाने लेखी करावी. सिएटल परिसरातल्या 'ॲन्यू' या संस्थेने चालवलेल्या आदर-प्रशिक्षणात आजूबाजूच्या कारागिरांना मध्ये पडायला शिकवतात. एका गोऱ्या ज्येष्ठ कारागिराने 'ए, बास' एवढे म्हटले तरी बराकीतली हवा बदलते.

कृष्णवर्णीय स्त्रियांना वर्ण आणि लिंग या दोन्ही कारणांनी सोसावे लागते. मापाचे हातमोजे व सुरक्षा पट्टे, कुलूप लागणारे स्वच्छतागृह, आणि पहाटे पाचला उघडणारे पाळणाघर या तीन गोष्टी गटाने प्रत्येक नव्या कामावर पहिल्याच आठवड्यात तपासाव्यात.

कायद्याची सद्यःस्थिती

केंद्रीय ठेकेदारांवर समान संधीची जबाबदारी टाकणारा १९६५ चा कार्यकारी आदेश ११२४६ जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातली भेदभावबंदी मात्र कायम आहे. केवळ वर्णावर मदत मर्यादित ठेवणारे कार्यक्रम न्यायालयात आव्हानाला सामोरे जात आहेत, म्हणून निधीची पात्रता 'कुटुंबातून या धंद्यात येणारी पहिली व्यक्ती', 'अमुक वस्तीतील रहिवासी' अशा शब्दांत लिहून दार सर्वांना उघडे ठेवणे शहाणपणाचे. गटाचा हेतू आणि सभेतला विषय त्यामुळे बदलत नाही.

नोंदी

वर्षाअखेर चार आकडे काढावेत: प्रत्येकाला मिळालेले तास, घरी बसलेले दिवस, वेळेवर मिळालेल्या पगारवाढी, आणि सोडून गेलेल्यांची कारणे. हे आकडे त्याच तुकडीतल्या इतर शिकाऊंच्या आकड्यांशेजारी मांडावेत, म्हणजे मंदीमुळे झालेले नुकसान आणि भेदभावामुळे झालेले नुकसान वेगळे काढता येते. सोडून गेलेल्याला तीन महिन्यांनी पुन्हा फोन करावा. जाताना माणूस 'घरची अडचण' सांगतो. तीन महिन्यांनी फोरमनचे नाव सांगतो, आणि कधी कधी परत येण्याची वाटही विचारतो.